कामावर शिकणं हाही पीएच.डी.चा विषय : मावळ-लोणावळ्यातल्या मुलामुलींसाठी माहिती

एम.एड., एम.ए. किंवा एम.बी.ए. झाल्यावर 'सर, आता पीएच.डी. करू का, आणि कशात करू?' असं विचारणारी मुलं, आणि त्याहून जास्त मुली, आता आपल्या समाजात दिसू लागल्या आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न फार क्वचित कानावर यायचा. पण उत्तर देणाऱ्यांची माहिती बहुतेक वेळा मराठी, उर्दू, इतिहास किंवा रसायनशास्त्र एवढ्यावरच थांबते. एक विषय असा आहे की ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, आणि त्याचं सामान मात्र देहूरोडपासून खंडाळ्यापर्यंत जागोजाग पडलेलं आहे. माणूस काम कसं शिकतो, त्यात व्हिडिओ, ॲप, सिम्युलेटर यांची किती मदत होते, आणि शिकून झाल्यावर त्याचं काम खरोखर सुधारतं का, याचा हा अभ्यास. विद्यापीठांत तो वेगवेगळ्या पाट्यांखाली सापडतो. कुठे शैक्षणिक तंत्रज्ञान, कुठे शिक्षणशास्त्र, तर कुठे व्यवस्थापनातलं मनुष्यबळ विकास. परदेशात लर्निंग टेक्नॉलॉजी आणि परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट म्हणतात.

विषय नक्की काय आहे

समजा, लोणावळ्यातल्या एका हॉटेलात बिलं चुकतात म्हणून गिऱ्हाईक रोज भांडतं. मालक म्हणतो, पोरांना ट्रेनिंग द्या. ट्रेनिंग होतं, बिलं चुकतच राहतात. नीट पाहिलं तर कळतं की कॉम्प्युटरमध्ये जुने दर आहेत आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत एकाच मशीनवर तिघे बिलं करतात. पोरांना काम येत होतं. अडचण दुसरीकडेच होती.

थॉमस गिल्बर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७८ साली 'ह्यूमन कॉम्पिटन्स' या पुस्तकात हीच गोष्ट शास्त्रशुद्ध मांडली. काम बिघडण्याची कारणं त्याने सहा खान्यांत वाटली. तीन खाने परिसराचे : माहिती, साधनं, मोबदला. तीन माणसाचे : ज्ञान, कुवत, इच्छा. त्याचं म्हणणं असं की आधी परिसराचे खाने तपासा, कारण दुरुस्ती तिथे स्वस्त पडते आणि फरकही मोठा दिसतो. आपण मात्र पहिला बोट माणसाकडेच दाखवतो. शाळेत नापास झालेल्या पोराच्या बाबतीतही आपण हेच करतो, पण तो वेगळा लेख होईल.

दुसरं नाव डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांचं. प्रशिक्षण चार पायऱ्यांवर तपासा, असं त्यांनी १९५९ पासून लिहिलेल्या लेखांतून सांगितलं. शिकणाऱ्याला ते आवडलं का, तो काही शिकला का, कामावर परत गेल्यावर त्याचं वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेला काय मिळालं. या मांडणीचं मूळ त्यांच्या १९५४ च्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या पीएच.डी.च्या कामात आहे. कारखान्यातल्या फोरमन आणि सुपरवायझर लोकांचं प्रशिक्षण कसं तपासायचं, एवढाच साधा तो विषय. आज जगभरातले ट्रेनिंग विभाग या चार पायऱ्या वापरतात. पीएच.डी.चा विषय भारदस्त नावाचा असावा लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

मावळात याचं काय

तळेगाव दाभाड्याला पैसा फंड काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करून हा फंड जमवला होता, लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. कारखाना चालवण्यासाठी परदेशात काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय आले. तिथे काच तर बनायचीच, पण काच बनवणारी माणसंही बनायची. इथे हुनर शिकलेले लोक पुढे देशातल्या दुसऱ्या काच कारखान्यांत गेले. कामाच्या जागी शिकवणं मावळला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे.

लोणावळ्यात नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था १९४५ पासून आहे. जहाजाची इंजिनं, यंत्रं सांभाळणारे अधिकारी आणि नौसैनिक इथे तयार होतात. समुद्रावर इंजिन बंद पडलं तर काय करायचं हे प्रत्यक्ष जहाजावर चुका करत शिकता येत नाही, म्हणून अशा प्रशिक्षणात सिम्युलेटर लागतात. लार्सन अँड टुब्रोची लीडरशिप डेव्हलपमेंट अकॅडमी लोणावळ्यातच आहे. देशभरातले त्यांचे मॅनेजर शिकायला इथे येतात. तळेगावला राज्य पणन मंडळाची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे, तिथे शेतकरी पॉलिहाऊसमधली फुलं-भाजीपाला शिकतात.

आणि तळेगावची एमआयडीसी. जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. एका कंपनीच्या पद्धतीत हात बसलेला कामगार दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर उभा राहतो तेव्हा त्याला काय नवीन शिकावं लागतं आणि काय विसरावं लागतं? मला विचाराल तर हा प्रश्न एका प्रबंधाला पुरून उरेल.

एक सावधगिरी. नौदलाची संस्था किंवा मोठी कंपनी समोर दिसते म्हणून तिच्यावर विषय घेऊ नका. आत जायची परवानगी, माहिती वापरायची परवानगी, हे लेखी हातात असल्याशिवाय तो विषय विषय नसतो. संरक्षण खात्याची माहिती तर बाहेरच्या विद्यार्थ्याला मिळणं जवळपास अशक्य. त्यापेक्षा दार उघडं असलेली ठिकाणं शोधा. चिक्कीचे कारखाने, हॉटेलांची स्वयंपाकघरं, गॅरेज, खाजगी दवाखान्यातला नर्सिंग स्टाफ, आपल्याच शाळा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं 'फॉसटॅक' नावाचं प्रशिक्षण अन्नपदार्थ बनवणाऱ्यांसाठी असतं. ते घेतल्यावर तीन महिन्यांनी त्या स्वयंपाकघरात हात धुण्याची, फ्रीजचं तापमान लिहून ठेवण्याची सवय किती टिकली? शिक्षकांसाठी 'निष्ठा' प्रशिक्षण ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं आणि कोविडमध्ये, ऑक्टोबर २०२० पासून, 'दीक्षा'वर ऑनलाइन आलं. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर उर्दू शाळेतल्या चौथीच्या वर्गात नेमकं काय बदललं? हे कर्कपॅट्रिक यांच्या तिसऱ्या पायरीचे प्रश्न आहेत. पहिल्या दोन पायऱ्या मोजणं सोपं असल्यामुळे बहुतेक जण तिथेच थांबतात, तिसऱ्या पायरीवर काम थोडं आहे.

कोण करू शकतं

सगळ्यात मोठा गैरसमज बी.एड.बद्दल. बी.ए., बी.एड. झालं म्हणजे पीएच.डी.ला पात्र, असं नाही. बी.एड. ही पदव्युत्तर पदवी धरली जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणजे यूजीसीचे नोव्हेंबर २०२२ चे नियम सांगतात की पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के हवेत. ओबीसी (नॉन-क्रिमी लेयर), एससी, एसटी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली असेल तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. एम.फिल. मात्र याच नियमांनी बंद झालं.

या विषयासाठी एम.एड., एम.ए. शिक्षणशास्त्र, एम.बी.ए. (एच.आर.), मानसशास्त्रातलं एम.ए. किंवा कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी यांतली कुठलीही वाट चालते. पण गाइड आणि विभाग त्याप्रमाणे बदलतील.

प्रवेशासाठी आता यूजीसी-नेटचं महत्त्व वाढलं आहे. जून २०२४ च्या परीक्षेपासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी.साठी पात्र, फक्त पीएच.डी.साठी पात्र. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि हे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एक वर्षच चालतात. काही विद्यापीठं स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, शेजाऱ्याच्या मुलाच्या अनुभवावर जाऊ नका.

नेट वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भाषा विषय सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी इथे घाबरू नये. तुमची हिंदी कानाने पक्की असते, फक्त देवनागरीत भरभर वाचायचा सराव आणि संस्कृत वळणाचे पारिभाषिक शब्द एवढंच कमी पडतं. शिक्षणशास्त्राच्या पेपरात तंत्रज्ञानावर एक पूर्ण घटक आहे, तो या विषयाची पायाभरणी म्हणूनही वाचता येतो.

कुठे करायचं

पवईच्या आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. २०१० पासून होते, आणि देशात या विषयाचं सगळ्यात भक्कम काम होणाऱ्या जागांत तिचं नाव घ्यावं लागेल. आयआयटीचे प्रवेश नियम तिचे स्वतःचे असतात. सांगली-साताऱ्याच्या मुलाला पवई परदेश वाटतं, लोणावळ्याच्या मुलाला कल्याणपर्यंत गाडी आणि पुढे लोकल एवढंच अंतर आहे. अडचण अंतराची नाही, गणित आणि संशोधन पद्धतीच्या तयारीची आहे.

मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग मुंबईत जुहूला आहे. ज्या घरात मुलीला फक्त मुलींच्या संस्थेत पाठवायची तयारी आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय सोन्यासारखा आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेलं हे विद्यापीठ आपल्या मोहल्ल्यांत अजून पुरेसं माहीत नाही, याचं मला नवल वाटतं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि त्याच्या संलग्न संशोधन केंद्रांत शिक्षणशास्त्र तसंच व्यवस्थापनात पीएच.डी. होते. गणेशखिंडीला जायला लोणावळा-पुणे लोकलने शिवाजीनगरला उतरायचं, म्हणून नोकरी करणाऱ्याला हे सगळ्यात सोयीचं. शिक्षणशास्त्राचा प्रबंध मराठीतून लिहिण्याची परंपरा इथे आहे. उर्दूतून करायचं असेल तर हैदराबादचं मौलाना आझाद नॅशनल उर्दू विद्यापीठ, १९९८ मध्ये स्थापन झालेलं. पण माझं मत स्पष्ट आहे. कारखाने आणि कंपन्यांवर काम करायचं तर प्रबंध इंग्रजीत लिहा. शाळांवर काम करायचं तर मराठी किंवा उर्दू, कारण ज्यांनी तो वाचायचा ते शिक्षक याच भाषांत वाचतात.

विद्यापीठापेक्षा गाइड महत्त्वाचा. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात, म्हणून चांगल्या गाइडकडे जागा रिकामी मिळणं हीच अर्धी लढाई. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. आपल्या विषयाजवळचे पाच प्रबंध काढा, गाइडची नावं पहा, प्रबंधाचा दर्जा स्वतः जोखा. मग ईमेल करा. 'मला तुमच्याकडे पीएच.डी. करायची आहे' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही. 'तळेगावच्या अमुक प्रकारच्या कामगारांबद्दल मला हा प्रश्न पडला आहे, तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात मी हे वाचलं' असं लिहिणाऱ्याला बहुधा उत्तर येतं.

वेळ, नोकरी आणि लग्न

पीएच.डी.ची मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात संशोधन पद्धती आणि संशोधनाची नीतिमत्ता. मग दर सहामाहीला समितीपुढे प्रगती सांगायची. शेवटी प्रबंध बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो आणि तोंडी परीक्षा होते.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करायला २०२२ च्या नियमांत मुभा आहे. त्यासाठी मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात : अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळतो, आणि कोर्सवर्कसाठी गरज पडली तर सोडलं जाईल. तिसरी ओळ मालक सहजासहजी लिहून देत नाही, म्हणून अर्ज भरायच्या आधी तीच बोलून घ्या. कामाच्या जागेवरच्या या विषयात नोकरी हा अडथळा कमी आणि भांडवल जास्त आहे. शॉप फ्लोअरवर पाच वर्षं उभ्या राहिलेल्या मुलाला जे दिसतं ते ग्रंथालयात बसलेल्याला दिसत नाही.

मुलींच्या आई-वडिलांनी दोन नियम मुद्दाम वाचावेत. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. आणि लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने मुलीला दुसऱ्या गावी जावं लागलं, तर तिचं संशोधन नव्या ठिकाणच्या विद्यापीठात नेता येतं, नियमांतल्या अटी पाळून. 'लग्नानंतर सगळं वाया जाईल' हे कारण देऊन अर्ज भरू न देणाऱ्या घरांनी हे कलम छापून भिंतीवर लावावं. रिश्ता ठरवताना ही गोष्ट समोरच्या घराशी आधीच उघडपणे बोलली तर नंतरची निम्मी भांडणं टळतात.

पैसा

जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. वयाची अट ३० वर्षं, पण महिलांना आणि ओबीसी (नॉन-क्रिमी लेयर) मुलांना पाच वर्षांची सूट. अल्पसंख्याकांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करण्यात आली, हे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. जुन्या लेखांत आणि व्हॉट्सॲप संदेशांत तिचं नाव अजून फिरतं. त्या भरवशावर बसू नका.

राज्यात अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. तिच्या जाहिरातींवर नजर ठेवा. पण आज हाताशी असलेला मार्ग बऱ्याच कुटुंबांना ठाऊक नाही. मोमीन, तांबोळी, पिंजारी, मणियार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, आणि ओबीसींसाठी नागपूरची 'महाज्योती' संस्था पीएच.डी. फेलोशिप देते. जागा आणि अटी दर वर्षीच्या जाहिरातीप्रमाणे. त्यासाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमी लेयर लागतात. ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, गावचं जन्म-मृत्यू रजिस्टर हे आत्ताच शोधायला लागा. फेलोशिपची जाहिरात आल्यावर शोधायला निघालेली बरीच मुलं तारखेला पोहोचत नाहीत.

फसवणूक आणि अपेक्षा

पीएच.डी. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन होत नाही. परदेशी विद्यापीठाच्या नावाने ॲप कंपन्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात, तिला मान्यता नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळून जाहीर केलं आहे. 'एका वर्षात पदवी', 'प्रबंध आम्ही लिहून देऊ' हे त्याच जातीचं. प्रबंधात दुसऱ्याचा मजकूर १० टक्क्यांपर्यंतच चालतो. ६० टक्क्यांच्या वर सापडला तर नोंदणीच रद्द होते, असा २०१८ चा नियम आहे.

नोकरीचं गणितही सरळ समजून घ्या. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट पुरेशी आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. कंपनीतल्या ट्रेनिंग विभागात किंवा पुण्यातल्या ई-लर्निंग कंपनीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर व्हायलाही पीएच.डी. लागत नाही. पदव्युत्तर पदवी आणि स्वतः बनवलेले तीन-चार चांगले कोर्स दाखवता आले तर काम मिळतं. म्हणून फक्त पगारासाठी पाच वर्षं घालू नका. विद्यापीठात शिकवायचं आहे, धोरण ठरवणाऱ्या संस्थेत जायचं आहे, मोठ्या उद्योगात प्रशिक्षणाची दिशा ठरवणाऱ्या जागेवर जायचं आहे, किंवा एखादा प्रश्न खरंच डोक्यातून जात नाही, यांपैकी एक तरी असावं.

आता लगेच काय करता येईल? 'स्वयम्' या सरकारी संकेतस्थळावर संशोधन पद्धती आणि शैक्षणिक तंत्रज्ञानाचे कोर्स मोफत असतात, त्यातला एक पूर्ण करा. प्रमाणपत्राच्या परीक्षेला थोडी फी पडते. एक वही घ्या, आणि आपल्या कामाच्या जागी महिनाभरात कोण काय चुकलं, का चुकलं आणि मग काय केलं गेलं, एवढं रोज चार ओळी लिहा, नावं न घालता. गिल्बर्टच्या सहा खान्यांत ते वाटून पहा. गाइडला पाठवायचा पहिला ईमेल त्या वहीतून निघेल.